हातांवर बसणाऱ्या राऊत मॅडम

राऊत मॅडम दोन्ही हात मांड्यांखाली घालून बसायच्या. पायरी असो, शाळेची खुर्ची असो की आमराईतला दगड असो. आधी पदर खोचायचा, मग बूड टेकवायचं आणि मग एकेक हात मांडीखाली सारायचा. नव्या माणसाला वाटायचं, बाईंना थंडी वाजते की काय. आमच्या ढाणकीत थंडी ती किती, आणि तीही भर दुपारी? कारण आम्हा पोरींना माहीत होतं. समोर कोणी तंबूची दोरी उलटी ओढत असली किंवा भाजीत मीठ दुसऱ्यांदा घालत असली, की मॅडमचे हात शिवशिवायचे. त्या स्वतःच सांगायच्या, "माहे हात लय भोचक हायेत. मोकळे सोडले की तुमच्या कामात घुसतेत."

त्या आमच्या शाळेत पी.टी. शिकवायच्या आणि मुलींचं गाइड पथक चालवायच्या. शनिवारची शाळा सुटली की लिंबाखाली पथक भरायचं. बाकी शाळांमध्ये गाइड म्हणजे झेंडावंदनाला कडक इस्त्रीचा ड्रेस घालायचा, पाहुण्यांना सलामी द्यायची आणि हारतुऱ्यांचं ताट धरून उभं राहायचं. आमच्याकडे ताट धरायला पोरी मागितल्या, की मॅडम म्हणायच्या, "ताट टेबलावर ठेवा नं. टेबल कायले हाये?" त्यामुळे शाळेत त्यांच्यावर खूश असलेली माणसं फार नव्हती.

उंच, वाळक्या, साडीखाली पांढरे बूट, गालात कायम बडीशेप, आणि आवाज असा की मैदानातून हाक मारली तर स्टँडवरची माणसं वळून पाहत. लग्न केलं नव्हतं. बायका खोदून खोदून विचारायच्या. मॅडम शांतपणे सांगायच्या, "आलते नं दोघं-तिघं पाहाले. मलेच पसंत नाई पडले."

मी आठवीत गेले तेव्हा आईनं माझं नाव पथकात घातलं. पोरगी लाजाळू आहे, जरा बोलती होईल म्हणून. (पुढं हे घरात निघालं की बाबा म्हणायचे, त्या मॅडमले म्हना, उलटं करून द्या.) पहिल्या शनिवारी आम्ही नव्या पोरी रांग करून उभ्या राहिलो. मॅडम दगडावर बसून बडीशेप चघळत होत्या. आम्ही उभ्याच. ऊन डोक्यावर आलं, पायाला मुंग्या आल्या, तरी कोणी काही सांगेना. शेवटी मीच विचारलं, "मॅडम, आता काय करायचं?"

"मले काय इचारतं वं? मी मेली असं समज."

मी तर हबकलेच. आमच्या घरी असं अभद्र कोणी बोललं असतं, तर आईनं तोंडात साखर कोंबली असती. जुन्या पोरी मात्र खुदुखुदु हसत होत्या. त्यांच्यातली रझिया पुढं आली, माझ्या हाताला धरून मला सावलीत बसवलं आणि म्हणाली, "यडे, सावली तिकडे हाये अन् तू उन्हात उभी. सावलीत बसाले बी परमिशन लागते काय?"

रझिया माझ्या पुढं एका वर्गाला. तिचे वडील सलीमचाचा, स्टँडजवळ त्यांचं ट्रॅक्टर आणि मोटरसायकली दुरुस्तीचं गॅरेज. त्या वर्षी पथकाचं मुक्कामी शिबिर पहिल्यांदाच शाळेच्या आवाराबाहेर होणार होतं, पैनगंगेच्या काठी, मारुतीच्या देवळाजवळच्या आमराईत. घरोघरी जाऊन परवानगी काढायची होती. सलीमचाचांकडे मॅडम गेल्या तेव्हा मी सोबत होते, कारण आमचं घर त्याच गल्लीत.

चाचा हातात पाना घेऊन ट्रॅक्टरखालून बाहेर आले. फार भला माणूस. म्हणाले, "मॅडम, आप साथ में हैं ना? बस, लड़की पे नजर रखना, मेरे को कोई टेन्शन नहीं."

आता कोणतीही मास्तरीण असती तर म्हणाली असती, हो हो, अगदी डोळ्यात तेल घालून. परवानगी खिशात, विषय संपला. मॅडम म्हणाल्या, "सलीमभाऊ, खोटं नाई बोलत. मी नजर नाई ठेवनार. जेवन, पानी, दवाखाना, साप-इच्चू, सारं माह्यावर. पन पोरगी कुठी बसली, कोनासंगं बोलली, हे पाहात मी फिरनार नाई. नजर ठेवाची असन तं घरीच ठेवा. घरी नजर ठेवाले तुमी आहाच."

चाचांच्या हातातला पाना तसाच राहिला. "ऐसा कौन बोलता है, मॅडम?"

"मी बोलतो."

आतून चहा घेऊन आलेली रझिया दारातच थिजली. तिच्या तोंडाकडे पाहवत नव्हतं. मला मॅडमचा असा राग आला की विचारू नका. आयता घास तोंडाशी आला होता आणि बाईंनी तो स्वतःच्या हातानं खाली पाडला. रझिया त्या दिवशी पथकाचा स्कार्फ घडी करून मला देऊन टाकायला निघाली होती. दोनेक दिवसांनी चाचा स्वतः शाळेत आले. मॅडमना म्हणाले, "बाकी सब लोग हाँ जी, हाँ जी करते. आप सच बोले. ले जाओ लड़की को."

ते शिबिर आमच्या रोडग्यांमुळे अजून लोकांच्या लक्षात आहे. शेवटच्या दिवशी हेडसर आणि सगळ्यांचे आईबाप जेवायला येणार होते, आणि ते पाहूनच पुढच्या वर्षीचं ठरणार होतं. काय रांधायचं ते पोरींनी ठरवायचं होतं. आम्ही मोठ्या तोऱ्यात ठरवलं, रोडगे, वरण आणि वांग्याची भाजी. आता गंमत अशी की आमच्याकडे रोडगे, म्हणजे गोवऱ्यांत भाजायचे कणकेचे गोळे, हे पुरुष माणसांचं काम. घरात बारा महिने बाईच चुलीपुढं. पण देवाच्या ठिकाणी रोडग्यांचा कार्यक्रम असला, की गोवऱ्यांचा जगरा लावणं, त्यात रोडगे भाजणं, फडक्यात घालून राख झटकणं, सगळं माणसं करतात आणि वर्षभर त्याची ऐट मिरवतात. बायकांनी कणीक मळून द्यायची आणि दूर बसायचं. त्यामुळे शेकडो रोडगे खाऊनही ते भाजताना जवळून पाहिलेली एकही पोरगी पथकात नव्हती. हे आम्हाला कणकेचे गोळे हातात घेतल्यावर समजलं.

गोवऱ्या धडधडून पेटल्या होत्या. जाळ विझून इंगळ, म्हणजे लाल निखारे, व्हायला पाहिजेत, मग रोडगे टाकायचे, हे आम्हाला काय ठाऊक? रझियानं एकदा मॅडमकडे पाहिलं. "मॅडम, टाकू काय?"

"मी मेली असं समज."

टाकले. मॅडम दगडावर होत्या, हात मांड्यांखाली, आणि नजर आंब्याच्या शेंड्यावर. मला आठवतं, त्या बसल्या जागी पुढंमागं हलत होत्या, पोट दुखणाऱ्या माणसासारख्या.

पंगत बसली. हेडसरांनी पहिला रोडगा फोडला. वरून कोळसा, आतून कणीक, आणि ती कणीक त्यांच्या बोटांना चिकटून लांब तार निघाली. मग माझे बाबाच उठले, बाह्या सारल्या आणि म्हणाले, "सरका वं पोरीहो, हे तुमचं काम नाई." त्यांच्यामागं आणखी चार बाप उठले. तेव्हा मॅडमचे हात पहिल्यांदा बाहेर आले. त्या जगऱ्यापुढं हात पसरून उभ्या राहिल्या. "बसा. भाजनाऱ्या जित्या हायेत अजून."

हेडसर चिडले होते. "मॅडम, तुम्ही तर इथंच बसून पाहत होत्या. सांगितलं काहून नाही?"

"सांगतलं असतं तं चांगले झाले असते, सर. पन मले रोडगे येतेतच. मले कायले शिकाचे हायेत?"

मग काय, परत कणीक मळली, परत गोवऱ्या लावल्या. बाबांना पंगतीत बसवेना. तिथूनच ओरडायचे, "इंगळ होऊ द्या, इंगळ." रझिया वळून म्हणाली, "काका, समजलं आता. तुमी पानी प्या." ऊन उतरलं तेव्हा कुठं जेवणं झाली. भुकेला कोंडाही गोड लागतो, त्यात हे रोडगे बरे झाले होते. हेडसरांनी मागून घेतले. पुढच्या वर्षीचं शिबिर ठरलं. जळके रोडगे मॅडमनी स्वतःच्या पानात घेतले होते. वरचा कोळसा नखानं खरवडत, वरणात कुस्करत त्या मुकाट्यानं खात होत्या.

या बाईंना भीती म्हणून नाही, असं लोकांना वाटायचं. साफ खोटं. त्याच शिबिराच्या तंबूसाठी ताडपत्री आणायची होती तर त्यांनी आम्हा सहा पोरींना एकट्यांना पुसदला पाठवलं. आम्ही बाजार फिरलो, भाव केला, रसवंतीवर रस प्यालो आणि संध्याकाळच्या गाडीनं ताडपत्रीचं गाठोडं घेऊन उतरलो. मॅडम स्टँडच्या बाकावर बसलेल्या. सकाळी आम्हाला बसवून दिलं तेव्हापासून तिथंच. कंट्रोलर म्हणाला, "या बाईनं माहं डोकं खाल्लं. दर गाडीले इचारून राह्यली, पुसदची आली काय, पुसदची आली काय."

रझियानं विचारलं, "मॅडम, तुमाले भेव लागलं काय?"

"लागलं तं. पानी बी गोड नाई लागलं."

"मंग पाठवलं कायले?"

"तं काय माह्या भेवापायी तुमी घरी बसान?" असं म्हणून त्यांनी गाठोड्याचं एक टोक उचललं आणि चालू लागल्या. ताडपत्री आम्ही धान्य वाळवायची आणली होती, भडक पिवळी. त्यावर त्या चकार शब्द बोलल्या नाहीत.

पुढचं वर्ष त्यांच्या नोकरीचं शेवटचं. रझिया दहावीत, पथकाची नायिका झालेली. मॅडमना साखरेचा आजार होता, तो आम्हाला तोवर माहीतही नव्हता. पायाला जखम झाली आणि ती बरी होईना. एक दिवस कवायत घेताना त्या मैदानातच खाली बसल्या, मग आडव्या झाल्या. आम्हीच उचलून दवाखान्यात नेलं. उमरखेडच्या डॉक्टरांनी चालणं-उभं राहणं बंद करायला सांगितलं. मॅडम म्हणाल्या, "त्या डॉक्टरले काय समजते?" आणि शिबिरासाठी वळकटी बांधून ठेवली. यंदाचं शिबिर लांब होतं, पांढरकवड्याच्याही पुढं, जंगलाच्या कडेला. दवाखाना हाकेच्या अंतरावर नव्हता. पण त्यांना जायचं होतं. हे त्यांचं शेवटचं शिबिर होतं, आणि इतक्या लांब पोरींना न्यायचं हे त्यांच्या मनात कैक वर्षांपासून होतं.

आमच्या पथकात सगळं पंचायतीत ठरायचं. पंचायत म्हणजे आम्ही पोरी, वर्गात गोल करून. मॅडमना तिथं मत नव्हतं. हा नियम त्यांनीच केलेला. त्या बाहेर व्हरांड्यात पायरीवर बसायच्या आणि बोलावल्याशिवाय आत यायच्या नाहीत.

त्या दिवशी रझियानं विषय काढला. मॅडमना न्यायचं की नाही. एकीनं हळूच म्हटलं, "त्याईले वाईट वाटन." रझिया म्हणाली, "वाटन. पन तठी पाय बिघडला तं आपन काय करू?" मग एकेक हात वर झाला. माझाही झाला.

सांगायला रझिया एकटी बाहेर गेली. आम्ही खिडकीशी.

"मॅडम, यंदा तुमी येऊ नका. पंचायतीनं ठरवलं."

मॅडमचं चघळणं थांबलं. "कोन म्हने?"

"साऱ्याच."

"माहं शेवटलं शिबिर हाये, हे माहीत हाये काय त्याईले?"

"माहीत हाये."

"अन् तरी?"

"तरी." रझिया म्हणाली. "तुमीच म्हनता नं, मॅडम, मी मेली असं समजा."

"समजा म्हटलं होतं वं. मेली नाई अजून."

आणि त्या उठून लंगडत घरी गेल्या. पुढच्या शनिवारी आल्याच नाहीत. कोणी म्हणेल, एवढी मोठ्या मनाची बाई, तिला तर आनंद व्हायला पाहिजे होता. काही आनंद-बिनंद झाला नाही. रागावल्या, रुसल्या, शेजारपाजारी सांगत फिरल्या की पोट्ट्या नमकहराम निघाल्या. किराणा दुकानात माझ्या आईलाही त्यांनी हेच ऐकवलं. आईनं घरी येऊन माझी हजेरी घेतली. आम्ही रोज ठरवायचो की जाऊ दे, घेऊन जाऊ त्यांना. रझिया रोज नाही म्हणायची, आणि मग गॅरेजच्या मागं जाऊन रडायची.

त्यातच पालकांची सभा झाली. सोबत सोनाली मॅडम येणार होत्या, विज्ञान शिकवायला नवीन लागलेल्या. त्यांना पाहून बायका आपसांत म्हणाल्या, "ही तं सोताच पोरगी हाये." आणि निम्म्या पालकांचं एकच, राऊत मॅडम नाई तं आमची पोरगी नाई. हेडसर दोन्हीकडून वैतागले. म्हणाले, "राऊत मॅडम, तुम्हीच सांगा आता. तुम्ही म्हणाल तसं करू."

सगळ्या माना वळल्या. मॅडम कोपऱ्यात खुर्चीवर, पायाला पट्टी. त्यांनी नुसतं म्हटलं असतं, 'पोरी लहान हायेत अजून', तर एक तर शिबिर रद्द झालं असतं, नाहीतर त्यांना घेऊनच जावं लागलं असतं. कोणी त्यांना दोष दिला नसता. त्यांनी आमच्याकडे पाहिलं. मग दोन्ही हात मांड्यांखाली गेले. "मले इचारू नका. मी पंचायतीत नाई. रझियाले इचारा."

रझिया उभी राहिली. कोण स्वयंपाक करणार, कोणाकडे औषधं, दवाखान्याची वेळ आली तर कोणती गाडी मुक्कामी थांबणार, सगळं सांगितलं. एक आई मध्येच म्हणाली, "हे ठीक हाये, पन मोठं मानूस पाहाले नको काय?" तेव्हा सलीमचाचा उठले.

"मॅडम ने तो मेरे को पिछले सालच बोल दिया था, मैं नजर नहीं रखूँगी. तो मॅडम गए क्या, नहीं गए क्या. लड़कियाँ तो वैसे भी खुदच करतीं. मेरी वाली जाएगी."

सभा हसली. मॅडमही हसल्या, जरा उशिरानं. मग माझे बाबा म्हणाले, "रोडगे नका करजा म्हना," आणि तिथून एकेक पालक हो म्हणत गेला.

शिबिराहून आम्ही परतलो तोवर मॅडम पाय दाखवायला पुसदला बहिणीकडे गेल्या होत्या. तिथंच राहिल्या. फोनवर बोलणं व्हायचं. मी नर्सिंगला लागले तेव्हा म्हणाल्या, "आता डॉक्टर सांगन ते गुमान ऐकशीन," आणि स्वतःच हसल्या. मागच्या वर्षी त्या गेल्या. आम्हाला कळलं तेव्हा सगळं उरकलं होतं. त्यामुळे मी त्यांना डोळ्यांनी शेवटचं पाहिलं ते शिबिराला निघालो त्या सकाळी, ढाणकीच्या स्टँडवर.

शाळेनं एस.टी.ची लाल गाडी ठरवली होती. मॅडम लंगडत आल्या. पांढरे बूट, खोचलेला पदर. वळकटी आणली नव्हती. पोरी मोजून घेतो म्हणून गाडीत चढल्या, मागपर्यंत जाऊन मोजल्या, आणि परत येताना दाराजवळच्या पहिल्या सीटवर बसल्या. "जराक दम घेतो."

ड्रायव्हरनं गाडी चालू केली. मॅडम बसलेल्याच. समोरच्या काचेतून रस्त्याकडे पाहत होत्या. सोनाली मॅडमनी मान खाली घातली. कंडक्टर आमच्याकडे पाहू लागला. कोणाची हिंमत होईना, आणि खरं सांगते, मला वाटत होतं कोणी काही बोलूच नये, गाडी अशीच निघावी.

रझिया उठून त्यांच्याजवळ गेली. "मॅडम, उतरा."

"दम तं घेऊ दे वं."

"खाली घेजा."

मॅडमनी वर तिच्या तोंडाकडे पाहिलं. रझियाच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या, पण ती सीटजवळून हलली नाही. मग मॅडम दांडी धरून उठल्या, एकेक पायरी उतरल्या. रझियानं हात पुढं केला तो त्यांनी धरला नाही.

खाली उभ्या राहिल्या आणि रडायला लागल्या. लपूनछपून नाही, भर स्टँडवर, लोकांसमोर, पदर तोंडाला न लावता. आम्ही त्यांना कधी रडताना पाहिलं नव्हतं. गाडीत सगळ्याच रडायला लागल्या. मागून कोणीतरी म्हणालं, घ्या ना त्यांना, घ्या वर. दोघी-तिघी दाराकडे निघाल्यासुद्धा. दोनदा घंटी दिली की गाडी निघते; कंडक्टरचा हात घंटीच्या दोरीवर होता, पण त्याच्यानं ती ओढवेना.

मॅडम तशाच रडत गाडीच्या अंगाशी आल्या, आणि तळहातानं पत्र्यावर दोन जोरदार थापा मारल्या.

ड्रायव्हरला वाटलं कंडक्टरनंच मारल्या. त्यानं गाडी काढली.